नऊ रिकाम्या दोऱ्या

डोंगराच्या उतारावर वसलेल्या एका गावात एकदा एक नवे बिऱ्हाड राहायला आले. नवे म्हणजे अगदीच परमुलखातले नव्हे. तीन डोंगर पलीकडचेच. पण त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे चार दिशांना पांगली, आणि या एका कुटुंबाच्या वाट्याला या गावातला जमिनीचा तुकडा आला. घरात माणसे तीन. विश्राम, त्याची बायको चंद्रकला आणि पाळण्यातली मुलगी. वैशाखात त्यांनी चार भिंती उभ्या केल्या, वर कौले चढवली, तोवर पाऊस लागला.

गाव वाईट नव्हते. वाटेत गाठ पडली तर लोक विचारीत, बरे आहात ना. पण पावसाळा संपत आला तरी उंबरा ओलांडून कोणी आत आले नव्हते. विहिरीवरून आल्यावर कळशी उतरवताना चंद्रकला म्हणे, आज चौघींनी बाजूला होऊन वाट दिली, बोलली मात्र एकही नाही. विश्राम उगीचच दोर गुंडाळून ठेवी.

भाद्रपद लागला. भाते निसवली, आकाश धुतल्यासारखे झाले, आणि विश्रामला एक घोर लागला. गणपती घरी आणायचा, पाच दिवस ठेवायचा, हे ठरलेले होते. पण आरतीला आपण दोघेच उभे राहिलो तर? टाळ कोण धरणार, टाळ्या कोण वाजवणार? चंद्रकलेने हे बोलून दाखवले नाही. तिने फक्त विचारले, करंज्या किती करू? त्या एका प्रश्नाने त्याची झोप उडाली.

मग त्याने मनाशी एक बेत केला. त्या भागात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट आढ्याला टांगायची आणि तिला रानातली फळे, फुले, पाने दोरीने बांधून सोडायची. हा मान रानातून वेचून आणलेल्या वस्तूंचा. विश्रामने ठरवले, अशी माटवी बांधायची की तशी गावात कोणी पाहिली नसेल. मग ती बघायला तरी लोक येतील.

पण त्याला ठाऊक होते ते आपले जुने रान. त्यातले निम्मे पाण्याखाली गेलेले. इथे कोणती वेल कोणत्या घळीत चढते, हे त्याला कोण सांगणार? लोकांनी बोट दाखवले ते भिवातात्यांकडे.

भिवातात्या पंचाहत्तरीचे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. रान मात्र त्यांना घरच्या परसासारखे पाठ होते. त्यांच्याजवळ एक काळी सायकल होती. तिला ब्रेक एकच, तोही मागचा. पुढच्या ब्रेकचे काम तात्यांच्या वहाणा करीत. विश्रामने येण्याचे कारण सांगितले. तात्यांनी ऐकून घेतले आणि एकच अट घातली, की विश्रामने आपली सायकल त्यांच्या मागे ठेवायची, पुढे काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी दव पडलेले असतानाच दोघे निघाले. तात्यांची सायकल चढावर मुंगीच्या चालीने चाले, उतारावर मात्र ते दोन्ही पाय पसरून असे सोडून देत की मागून येणारा विश्राम ब्रेकवरची बोटे सोडत नसे. वारा सदऱ्यात शिरून सदरा फुगे. दोन्ही बाजूंना तेरड्याचे गुलाबी पट्टेच्या पट्टे, मध्ये तांबडी वाट, आणि पुढे एक म्हातारा उतारावरून मोठ्याने हसत चाललेला. कितीतरी महिन्यांनी विश्रामला स्वतःचे हसू ऐकू आले.

तात्या अचानक थांबत. सायकल बांधाला टेकवीत, कमरेवर हात ठेवून वर बघत. मग विश्रामला कळे की तिथे काहीतरी आहे. एकदा उंच झाडावर चढलेल्या वेलीला लालबुंद कवंडळे लोंबत होती, जणू कोणी दिवसा कंदील लावले आहेत. एकदा कांगणीचे पिवळे घोस सापडले. एका कातळावर हरण म्हणतात त्या पिवळ्या रानफुलांचा गालिचा पसरला होता. तिथे तात्या पुढे गेलेच नाहीत, बसून राहिले. विश्राम घाई करू लागला तेव्हा त्यांनी त्याला घागऱ्यांच्या सुकत आलेल्या शेंगांची एक डहाळी दिली आणि कानाशी हलवायला लावली. आतल्या बिया पैंजणासारख्या वाजल्या. ती डहाळी विश्रामने मुलीसाठी खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्यात त्याचा खिसा वाजत होता आणि तात्या पुढून विचारीत होते की पाठीमागून नवरी येते आहे की काय.

तीन सकाळी अशा गेल्या. दुपारी तात्यांच्या पडवीत दोरी वळायचे काम चाले. मोडून पडलेल्या कुंभ्याच्या फांदीची साल काढून तात्यांनी ती पाण्यात भिजत घातली होती. तिचे पाते मांडीवर ठेवून तळहाताने वळायचे. विश्रामची मांडी लाल झाली आणि दोरी निघाली ती मुंज्याच्या शेंडीसारखी. तात्यांनी ती उलगडली, पुन्हा हातात दिली. पुन्हा उलगडली, पुन्हा दिली. रागावले एकदाही नाहीत. तिसऱ्या दुपारी विश्रामच्या हाताखालून सरळ, घट्ट, वीतभर दोरी निघाली तेव्हा त्यांनी ती ओढून पाहिली आणि म्हणाले की आता हिला बैल बांधला तरी चालेल, फक्त बैल लहान हवा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत विश्रामने माटवी बांधून पुरी केली. एकेक वस्तू मोजून एकावन्न. मध्ये नारळ, कडेने कवंडळे, कांगण्या, सुपारीचे घड, शेरवडाची पांढरी पाने, तवशाची मोठी काकडी, चिबडाचे पिकले फळ, आणि कोपऱ्याकोपऱ्याला हरणाच्या फुलांचे झुबके. चौकटीचे लाकूड कुठे दिसेना. चंद्रकला पीठ मळता मळता उठून आली आणि बघतच राहिली. एवढ्यात तात्यांची सायकल दारात थांबली.

ते आत आले. माटवीखाली उभे राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिले. प्रत्येक गाठ डोळ्यांनी तपासली. विश्राम कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होता. तात्यांनी स्टूल मागितले. त्यावर चढून त्यांनी शांतपणे एक कवंडळ सोडले. मग दुसरे. मग सुपारीचा घड, कांगणीचा घोस, चिबूड. जी जी वस्तू डोळ्यांत भरत होती ती ती त्यांनी उतरवली. नऊ वस्तू काढल्या आणि नऊ दोऱ्या तशाच मोकळ्या लोंबत ठेवल्या. काढलेले सारे पिशवीत भरले आणि पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली.

विश्राम त्यांच्यामागे अंगणात धावला.

"तात्यानू, ह्या काय केलास?"

"दोऱ्ये तशेच ऱ्हवांदेत," तात्या म्हणाले. "पाच दिवस. कोणी विचारल्यान तर खरा काय ता सांग. फक्त माझा नाव घेव नको."

आणि ते निघून गेले. विश्राम रागाने लाल झाला. मघाशी पूर्ण दिसणारी माटवी आता दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. रानात परत जायला वेळ नव्हता. एकदा त्याला वाटले की त्या नऊ दोऱ्या कापून टाकाव्यात. विळा हातात घेतलाही. मग त्यातलीच एक आपण वळलेली दोरी त्याच्या बोटांना लागली, आणि त्याने विळा खाली ठेवला. एवढे शिकवणाऱ्या माणसाचे एक न कळणारे वाक्य पाळून बघू, असे त्याला वाटले.

चतुर्थीला गणपती बसला. दुपारी शेजारच्या आवडाकाकी आल्या. शेजारधर्म म्हणून, दाराबाहेर एक पाय ठेवूनच. हात जोडले, वळल्या, आणि वळता वळता त्यांची नजर वर गेली. त्या थबकल्या. दोऱ्या मोकळ्या का, असे त्यांनी विचारले. विश्रामला भुई दुभंगावी असे झाले. पण तात्यांचे नाव न घेता खरे सांगायचे होते. तो हळूच म्हणाला,

"आमी नवे मा, काकी. हय कोणाच्या परड्यात काय गावता, माका अजून ठाऊक नाय."

आवडाकाकी कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"मेल्या, मग तोंड नाय तुका? माझ्या कुंपणार कवंडळां वांदरां खातत, आणि हय देवाची दोरी सुकी."

त्या तरातरा गेल्या आणि घटकाभरात ओटी भरून परत आल्या. कवंडळ कोणत्या दोरीला बांधायचे हे त्यांनीच ठरवले, स्टुलावर चढलेल्या विश्रामला खालून दोनदा गाठ सोडायला लावली, आणि मग आपले फळ कसे दिसते ते बघायला म्हणून भिंतीला टेकून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. चंद्रकलेने चहा दिला. कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवायला चांगले, इथपासून बोलणे निघाले ते पाळण्यातल्या मुलीला दृष्ट लागू नये म्हणून काय करावे, इथपर्यंत पोचले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला नारबा आला. आवडाकाकींनी दळण टाकताना त्याला सांगितले होते की नव्या घराच्या माटवीला आठ दोऱ्या मोकळ्या आहेत. त्याच्या हातात हे एवढे तोरंजन होते, जाड सालीचे मोठे लिंबूच जणू, देठाला दोन पाने ठेवून काढलेले. त्याने ते मधोमध बांधायला लावले. आवडाकाकींना हे आवडले नाही. त्यांचे कवंडळ झाकले जात होते. गणपतीसमोरच दोघांची जुंपली. शेवटी चंद्रकलेने मध्ये पडून तोरंजन वीतभर सरकवले तेव्हा कुठे आरती सुरू झाली. आरतीला माणसे सात.

तिसऱ्या दिवशी भजनातला मृदंगवाला सुपारीचा घड घेऊन आला. ओझे दोघांना उचलावे लागेल म्हणे, म्हणून भावालाही घेऊन आला. घड तर एका हातात मावत होता. खालच्या वाडीतल्या तिघी जावा आल्या. त्यांनी आणलेले काकडीचे पिल्लू बोटाएवढे होते, पण त्यांच्या वेलीचे ते पहिले होते. जो कोणी काही बांधून जाई तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. आपली वस्तू सुकली तर नाही ना, हे बघायला नको का? येताना घरातल्या कोणाला तरी दाखवायला घेऊन येई.

चौथ्या दिवशी सकाळी विश्राम सायकल काढून तात्यांकडे गेला. तात्या पडवीत दोरी वळत होते. त्यांच्या डोक्यावर वाशाला त्या नऊ वस्तू ओळीने टांगलेल्या होत्या, व्यवस्थित, सावलीत.

"घेवन जा," तात्या म्हणाले. "जागा आसा तर."

विश्रामला हसू आले. एकही दोरी मोकळी उरली नव्हती. काल संध्याकाळी आलेल्या एकाचे नारळ खिडकीच्या गजाला बांधावे लागले होते. तो तात्यांसमोर बसला. त्याने वर त्या नऊ वस्तूंकडे पाहिले, मग तात्यांकडे. त्यांनी हातातले पाते बाजूला ठेवले.

"झिला, तू पुरा रान घरात आणलंस. येणाऱ्यासाठी काय ठेवलंस? भरलेला बघून माणूस हात जोडता नि वाटेक लागता. रिकामी दोरी दिसली की तो थांबता. त्याच्या मनात येता, माझ्या परड्यात आसा ता ह्यांका देवया. आणि ज्या घराक आपण काय दिला, ता घर आपल्याक परक्या वाटणा नाय. तुका सगळ्यांका दाखवचा होता. नव्या माणसान आधी घेवक शिकाचा."

विश्राम खाली मान घालून बसला. एकावन्न वस्तू मोजताना आपण मनात काय मोजत होतो ते त्याला लख्ख दिसले, आणि नवल म्हणजे त्याची लाज वाटली नाही. हलके वाटले. त्याने पाण्यातले एक पाते उचलले, मांडीवर ठेवले, आणि दोघे दोरी वळत राहिले. बाहेर ऊन कोवळे होते. भातावर चतुर उडत होते.

पाचव्या दिवशी विसर्जनाआधीची आरती. विश्राम पाट, ताम्हन, नारळ सगळे मांडून माणसांना पाणी द्यायला बाहेर गेला होता. तेवढ्यात आत मृदंगावर थाप पडली. तो धावत आला, पण दार माणसांनी भरलेले. पाठीच पाठी. त्याने एकाच्या खांद्यावरून, एकाच्या काखेतून वाट काढून बघितली, जमेना. एका म्हाताऱ्याने तर मागे न बघताच, ढकलू नको रे, आधी आलेल्यांना उभे राहू दे, असे त्याला दटावले.

पुढे चंद्रकला मुलीला कडेवर घेऊन उभी होती. एका बाजूला आवडाकाकी, दुसऱ्या बाजूला खालच्या वाडीतल्या जावा. तिने मान वळवून दाराकडे पाहिले आणि त्याला डोळ्यांनी खुणावले, आत या.

विश्रामने हसून मानेनेच नको म्हटले. तो दोन पावले मागे सरकला, अंगणात उन्हात उभा राहिला, आणि स्वतःच्या घरातून येणाऱ्या त्या आवाजाला बाहेरून टाळी देऊ लागला.