पंधरा मिनिटांची वाटी

"मग आईच ऐकत नसेल तर डॉक्टरनं करायचं तरी काय, बाई?"

डॉ. निरंजन टिळेकरचा आवाज जरा चढलाच होता. बाई, म्हणजे डॉ. कुमुद बार्शीकर, शांतपणे चष्मा पुसत होत्या.

मेंदूच्या दुखण्यामुळे अपंग झालेल्या मुलांना दवाखान्यातून 'घरी न्या' म्हणून परत पाठवायचे, त्या काळात बाईंनी एका रिकाम्या खोलीत सतरंजी टाकून त्यांना तपासायला सुरुवात केली. आता जिल्ह्यात अकरा केंद्रं होती आणि बाई निवृत्तीला आल्या होत्या. निरंजन त्यांचा लाडका विद्यार्थी. पोरगा हुशार, यात वादच नाही. फक्त ते त्याला स्वतःलाही जरा लवकरच कळलं होतं.

त्याने मुलांना भरवायचा एक तक्ता केला होता, रंगीत, लॅमिनेट केलेला. एक वाटी, पंधरा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. या केंद्रात तो दोन महिने वापरून झाला होता, आता अकराही केंद्रांत लागायचा होता. बाईंची सही तेवढी राहिली होती.

आणि नेमका आज हणमंत आडवा आला.

हणमंत चार वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याची मान टिकत नव्हती, जीभ ऐकत नव्हती. तक्ता हातात पडल्यापासून दोन महिन्यांत तो सहाशे ग्रॅम उतरला होता. निरंजनने केसपेपरवर लिहून टाकलं: आईचं सहकार्य नाही. नाकातून नळी घालावी.

नळीचं नाव ऐकून त्याच्या आईच्या, सुलोचनाच्या, तोंडचं पाणी पळालं. तिने पोराला घट्ट धरून ठेवलं होतं.

"तक्ता पाळत नाहीस का गं?" बाईंनी विचारलं.

"पाळते की, बाई. चुलीपाशीच लावलाय. पंधरा मिन्टं झाली की वाटी उचलते."

"अर्धी राहिली तरी?"

"राहतीच. ह्यो रडतो. पर डॉक्टरांनी लिहून दिलंय..."

"आणि तक्त्याच्या आधी?"

"आधी तास लागायचा. खायचं, हसायचं, थांबायचं, परत खायचं. सासू म्हनायची, हिला दुसरं कामच न्हाई."

निरंजनने घसा खाकरला. "बाई, पंधरा मिनिटांना शास्त्रीय आधार आहे."



केंद्रात मुलांसाठी रोज मऊ खिचडी शिजायची. तिची एक वाटी बाईंनी मागवली.

"जेवलास?"

"नाही अजून."

"उत्तम. बस सतरंजीवर."

"मी?"

"हात मांडीखाली घे. मान मागे टाक, हणमंतची पडते तशी. जीभ खालच्या दातांना टेकव. ती हलवायची नाही. आणि तुझ्या मोबाइलवर पंधरा मिनिटं लाव."

बाईंना नाही म्हणायची कुणाची बिशाद? निरंजन मुकाट्याने बसला.

पहिला चमचा आत गेला आणि तिथेच राहिला. दुसरा त्याच्यावर जाऊन बसला. तिसरा हनुवटीवरून थेट कडक इस्त्रीच्या शर्टावर उतरला. निरंजनला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. बाई तक्त्याबरहुकूम भरवत होत्या.

"बाई, थांबा की," सुलोचनाला राहवेना. "डॉक्टरांनी गिळलं न्हाई अजून."

मोबाइल वाजला. अर्धी वाटी शिल्लक होती. बाईंनी ती उचलली.

निरंजनच्या पोटात कावळे ओरडत होते. "बाई... मला भूक आहे अजून."

"मग केसपेपरवर काय लिहू? सहकार्य नाही?"

हणमंत खदखदून हसला. निरंजनला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सुलोचनाने पोर बाईंच्या मांडीवर दिलं आणि वाटी घेतली. डॉक्टरला हात लावायचा म्हणून क्षणभर बिचकली. मग मानेखाली तळवा देऊन तिने त्याचं डोकं पुढे आणलं, लहानसा घास दिला आणि नुसती बसून राहिली...

घास उतरला. मग तिने दुसरा दिला. तोही उतरला.

तिसरा तोंडात होता, तोच निरंजनने हात सोडवून केसपेपर ओढला. नळीची ओळ खोडली. तिच्या वरचीही खोडली. मग त्याने तक्ता पुढ्यात घेतला आणि पंधराच्या आकड्यावर पेन टेकवलं.

"बाई," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "मग इथे किती मिनिटं लिहू?"

"आधी तोंडातला घास गिळ."