शत्रूच्या विमानाचा फोटो

"तुम्हीच सांगा बाबा, कुठून काढला म्हणजे शत्रू दिसेल?"

नूरशा फकीर झोपडीसमोर बसून केरसुणी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"कशात दिसेल?"

"फोटोत."

विचारलं खरं, पण विचारून होताच पिसाळला स्वतःचाच राग आला. लष्करात भरती होण्याआधी वाईला त्याचा स्टुडिओ होता. त्याच्या हातासारखा हात पलटणीत दुसरा नाही, असं खुद्द मेजरसाहेब म्हणत. आणि तो आज सरहद्दीवरच्या एका फकिराला विचारत होता, कॅमेरा कुठे धरू म्हणून.

झोपडीला लागूनच्या शेतात शत्रूचं विमान पोटावर बसलं होतं. इंजिनाला गोळी लागल्यावर वैमानिकाने ते कसंबसं तिथे टेकवलं. त्याला पकडून मागे नेलं. विमान तिथेच राहिलं, जवळजवळ धड.

वर्तमानपत्रांना फोटो हवे होते. पिसाळने ते समोरून टिपलं, शेपटाकडून टिपलं, पंखाखाली मातीत आडवं पडून टिपलं. मेजरसाहेबांनी सगळे फोटो पाहिले आणि परत दिले.

"पिसाळ, यात शत्रू कुठाय? हे कुणाचंही विमान वाटतं. बघणाऱ्याचं रक्त उसळलं पाहिजे."

पिसाळचं उसळतच होतं. याच विमानाने पुलाकडच्या रस्त्यावर आपल्या ट्रकांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यातला एक ट्रक बाबू खैरमोडे चालवत होता. बाबू पिसाळच्याच आळीतला. दोघं एकत्र भरतीला गेले होते, आणि छाती मोजताना श्वास रोखून धरायचा हे बाबूनेच त्याला शिकवलं होतं.

त्या दिवसापासून पिसाळला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. घास तोंडात फिरत राही. एक विडी विझायच्या आत दुसरी पेटे. हा फोटो छापून आला की वाईला पोचणार होता, बाबूच्या आईच्या हातात पडणार होता. आपल्या पोराला कुणी मारलं, ते तिला त्यात दिसायला हवं होतं.

"तुला दिसतो का?" नूरशाने विचारलं.

"कोण?"

"शत्रू."

"मला डोळे मिटले तरी दिसतो."

"मग चल. दाखव मला."

दोघं शेतात गेले. पहाऱ्यावरच्या जवानाने पिसाळला पाहून वाट दिली. नूरशाने विमानाच्या कुशीवर हात ठेवला, दमलेल्या बैलाच्या अंगावर ठेवावा तसा.

"हा का?"

"हा नाही. हा नुसता पत्रा."

"मग?"

"यात बसला होता तो."

"कुठे?"

पिसाळने वर बोट केलं. काचेचं झाकण उघडंच होतं.

"जा. बस तिथे."

"मी? मी कशाला?"

नूरशाने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

पिसाळ आपला कॅमेरा कुणाला हात लावू देत नसे. तरी त्याने गळ्यातला पट्टा काढला. "इथून बघायचं," एवढंच म्हणाला, आणि पंखावर पाय देऊन वर चढला.

खुर्ची त्याच्या मापाची निघाली. त्याला ते आवडलं नाही.

पाय आपोआप पुढच्या पेडलांवर गेले. विमान वळवायचा दांडा मुठीत आला. दांड्यावर एक लाल बटण होतं, आणि त्याचा रंग मधोमध उडाला होता. कुणाचा तरी अंगठा तिथे पुन्हा पुन्हा टेकला होता. आता पिसाळचा टेकला. विमानाच्या बंदुकांतल्या गोळ्या केव्हाच काढून नेल्या होत्या. बटण दाबलं तरी काही होणार नव्हतं.

समोरच्या काचेतून पुलाकडचा रस्ता दिसत होता. रस्त्यावरून काही माणसं पाण्याचे डबे घेऊन चालली होती. आपलीच माणसं. पण इथून त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

त्यांच्यात तो वैमानिक असता तर...

बाबूला मारणारा तो, हातात पाण्याचा डबा घेऊन, त्या रस्त्याने, असाच सावकाश चालला असता तर...

पिसाळचा जबडा आवळला. कानशिलं ठणकायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचं अंग जागच्या जागी थांबलं होतं. नजर रस्त्यावरून हलत नव्हती, अंगठा बटणावरून हलत नव्हता.

"झालं का बाबा?" त्याने मान न वळवता विचारलं.

खाली ढेकळांवर पावलं वाजली.

"उगाच कळ दाबू नका. रीळ वाया जाईल."



पिसाळने तेवढी मान वळवली. नूरशा शेतात उभा होता. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. त्याने एक पाऊल डावीकडे टाकलं. थांबला. बराच वेळ तसाच राहिला.

"काय बघताय बाबा?"

"हलू नकोस बेटा," नूरशा म्हणाला. "आता दिसतोय."