टिंगूबाईचा पापुद्रा

एका गावात होती सुंद्रामावशीची खानावळ. चुलीमागच्या बिळात राहायची टिंगूबाई उंदरी, आणि तिची पिटुकली पिल्लं.

खानावळीचा नेमच होता. पहिल्या भाकरीचा पापुद्रा टिंगूबाईचा!

एक दिवस पापुद्रा आलाच नाही. पिल्लं रडली. चूं चूं चूं!

टिंगूबाई निघाली. तुरु तुरु तुरु.

"चूलताई, चूलताई, पेट ना! भाकरी होईना, पिल्लं माझी उपाशी!"

"मी नाही पेटणार जा! मावशी फुंकेल, तर मी पेटेन."

तुरु तुरु तुरु.

"मावशी, मावशी, फुंक ना! चूल पेटेना, भाकरी होईना, पिल्लं माझी उपाशी!"

मावशीच्या कडेवर तिचं बाळ. ट्यांहा ट्यांहा!

"मी नाही फुंकणार जा! बाळ निजेल, तर मी फुंकेन."

"बाळोबा, बाळोबा, नीज ना! मावशी फुंकेना, चूल पेटेना, भाकरी होईना, पिल्लं माझी उपाशी!"

"मी नाही निजणार जा! पाळणा हलेल, तर मी निजेन."

पाळणा कुठे? शेजारी, महिला मंडळाच्या खोलीत. तुरु तुरु तुरु.

"पाळणेबुवा, पाळणेबुवा, हला ना! बाळ निजेना, मावशी फुंकेना, चूल पेटेना, भाकरी होईना, पिल्लं माझी उपाशी!"

"मी नाही हलणार जा! मंडळाच्या बाया दोरी ओढतील, तर मी हलेन."

बाया बसलेल्या पाय पसरून.

"बायांनो, बायांनो, दोरी ओढा ना! पाळणा हलेना, बाळ निजेना, मावशी फुंकेना, चूल पेटेना, भाकरी होईना, पिल्लं माझी उपाशी!"

"आम्ही नाही ओढणार जा!" गोदाकाकू म्हणाली. "पोटात कावळे ओरडतायत. मावशीची भाकरी मिळेल, तर ओढू."

"अगं बायांनो, भाकरीसाठीच तर आले!"

"मग बस आमच्याशेजारी वाट बघत!" बाया हसल्या. खो खो खो!

"हसता काय? थांबा!"

टिंगूबाई शिरली गोदाकाकूच्या पदरात. गुदुगुदु गुदुगुदु!

"अगं बाई, उंदीर!"

काकू उडाली. टुणुक! बाया उडाल्या. टुणुक टुणुक! सगळ्यांनी धरली पाळण्याची दोरी.

ओरडा ऐकून मावशी धावत आली. बाळाला टाकलं पाळण्यात.

"आयतीच धरलीत दोरी. ओढा आता!"

मग काय! बायांनी दोरी ओढली, पाळणा हलला. कुर्र कुर्र! बाळ निजलं, मावशीने फुंकलं. फूऽ फूऽ! चूल पेटली, भाकरी फुगली. टम्म!

बाया पानावर बसल्या. गोदाकाकू म्हणाली, "मावशे, बाळाला रोज आणत जा मंडळाच्या खोलीत. आळीपाळीने झोके देऊ."

"बरं गं बाई. घे, गरम भाकरी."

"मला नको! आधी त्या आगाऊ उंदरीला दे. नाहीतर पुन्हा पदरात शिरेल!"

तेव्हापासून रोज, बाळ पाळण्यात, पिल्लं बिळात, आणि पापुद्रा पोटात!