लाल संपला तेव्हा

लोक अंगणं शेणानं सारवायचे, त्या काळातली ही गोष्ट. रांगोळीच्या डब्यात पांढऱ्या भुकटीचा, म्हणजे पांढरीचा हुकूम चाले. आधी ठिपके, मग रेघा, मग रंग. आणि एका रंगानं दुसऱ्याला शिवायचं नाही.

एका सणाला दारात कमळ काढलं आणि लाल रंगच संपला.

"राहू देत पाकळ्या कोऱ्या," पांढरी म्हणाली.

"का म्हणून? पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्याला बोलवा. मी बघते," हळद उठली.

"तू पिवळी, तो पांढरा. लाल कुठून आणणार, भाजीतले बाई?" नीळ फिदीफिदी हसली.

"अंगण नासलंस, तर या डब्यात परत घेणार नाही," पांढरीनं बजावलं.

हळदीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग जन्मभर मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या शेजारी! तरी ती चुन्यात मिसळली. नुसताच फिकट पिवळा ढीग झाला. सगळे खिदळले.

"हसा मेल्यांनो! अजून माझं झालं नाही," म्हणत तिनं वर पाणी शिंपडून घेतलं आणि पुन्हा कालवलं. बघता बघता ढीग लालभडक झाला. पाकळ्या भरल्या. पांढरीनं सरकून हळदीला डब्यात जागा करून दिली.

जरा वेळानं नीळ हळूच जवळ सरकली.

"हळदबाई, तुमच्यात मी मिसळले, तर काय होईल हो?"

"मला काय ठाऊक? ये इकडं, बघू."