इरावती राणीचे दगडी हात

एका राज्यात, सात घाटांपलीकडे, पद्मसेन नावाचा राजा होता. त्याने एका मांत्रिकाच्या गुहेतलं शापित माणिक उचललं आणि शाप राजा-राणी दोघांना बाधला. राजा एकेक गोष्ट विसरू लागला. त्याची सेवा करणारी इरावती राणी बोटांपासून दगडाची होऊ लागली.

राणीने महालाची दारं लावून घेतली. राजे अनुष्ठानाला बसलेत, असं प्रजेला आणि लेकीला, राजकन्या वसुधेलाही, कळवलं. तीन वर्षं तिने एकटीने त्याला न्हाऊमाखू घातलं. रोज सकाळी ती विचारी, "मला ओळखलंत?" राजा ओशाळून मान खाली घाली. दगड मनगटापर्यंत चढला.

एके दिवशी सज्जात भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला. "राणी, राजाचं गेलेलं परत येणार नाही. तुझे हात मात्र सुटतील. तीन कामं आहेत."

जे परत येणार नव्हतं, तेवढंच राणीला हवं होतं. तरी ती म्हणाली, "सांग."

पहिलं काम, राजाची परीक्षा घ्यायची नाही, चूक दाखवायची नाही. राजा रोज आईला शोधी. त्या कधीच वारल्या असं राणी सांगे आणि तो रोज नव्याने रडे. त्या दिवशी तिने विचारलं, आईसाहेब कशा होत्या? राजा सांगत राहिला. त्या दह्यात लाह्या कालवून भरवायच्या, भरवताना गुणगुणायच्या. सांगता सांगता तो हसला. राणीची बोटं मोकळी झाली.

दुसरं, राजाच्या हातांना जे आठवतं ते हातांना द्यायचं. राणीने तलवार दिली, लेखणी दिली. राजाने दोन्ही बाजूला ठेवली. शेवटी तिने पागेतली म्हातारी घोडी अंगणात आणली. राजाने खरारा उचलला आणि तिचं अंग मानेपासून शेपटीपर्यंत लख्ख केलं. राणीचे तळवे सुटले.

तिसरं काम सांगायला भारद्वाज पुन्हा सज्जात आला. दारं उघडायची, खरं सांगायचं, मदत मागायची.

"त्यांचं हसं होईल," ती म्हणाली.

"दगड तुझ्या काळजापर्यंत पोचला, तर त्यांना न्हाऊ कोण घालील?" पक्ष्याने विचारलं आणि तो उडून गेला.

राणीने दारं उघडली. पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. रखमा कुंभारीण पुढे आली. तिची सासूही अशीच विसरत गेली होती. "राणीसरकार, सकाळी मी बसते त्यांच्यापाशी. तुम्ही जरा निजा." मग पागेचा मोतद्दार आला, वैद्य आला, प्रत्येकाने आपला वार ठरवला. मनगटांवरचा दगड गळून पडला. राजकन्या वसुधा गादीवर बसली आणि राज्याचा खोळंबलेला कारभार सुरू झाला.

एका संध्याकाळी कितीतरी दिवसांनी राणी नदीवर जाऊन आली. अंगणात बसलेल्या राजाने सरकून जागा करून दिली.

"बसा," तो म्हणाला. "तुम्ही कोण, ते ठाऊक नाही. पण दुपारपासून मी तुमचीच वाट पाहत होतो."

त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायची आस राणीच्या मनातून गेली नाही. ती आस तशीच घेऊन ती त्याच्याजवळ बसली आणि उजेड सरेपर्यंत उठली नाही.