बंद दुकानापुढचा दिवा

एकदा एका गावच्या पेठेत एक वृद्ध कासार होते. सगळी पेठ त्यांना तात्या म्हणे. पेठेची रीत अशी, की दिवाळीआधी प्रत्येक दुकानदाराने वर्गणी द्यायची आणि तिचं काय करायचं ते तात्यांनी ठरवायचं. रोषणाई, झाडलोट, दवंडी, सारं त्यातूनच होई. आम्ही समोरच्याच माडीवर राहणारी माणसं, त्यामुळे वर्गणी देताना कोण किती कुरकुरलं, तेही कानावर येई.

तात्यांच्या हाताखाली बांगड्या भरायला शिकलेल्या भालचंद्राने पेठेच्या पार शेवटी स्वतःचं दुकान थाटलं होतं. पण गिऱ्हाईक तिथवर पोचेचना. पेठेच्या मध्यावर तेलाचं एक दुकान कधीचं बंद पडलेलं. जो तो आपला उंबरा झाडी आणि केर त्या बंद दुकानापुढे लोटून देई. बायका तिथवर येत, नाकाला पदर लावत आणि माघारी वळत. ही दिवाळी कोरडी गेली तर दुकान मोडून शहरात गोदामावर कामाला जायचं, असं भालचंद्राच्या घरी ठरलं होतं. त्याची बायको भांडी घासताना रडत होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

वर्गणी जमली तसा तो तात्यांकडे धावला. "तात्या, यंदा हमरस्त्यावर मोठी कमान उभारू. वर पेठेचं नाव, बाजूला कर्णा. गाव लोटेल!"

तात्या नुसते हसले. आणि आम्ही पाहतो तर काय, सगळा पैसा त्या बंद दुकानावर! मालकाला विचारून ओटा धुऊन घेतला, फळ्यांना रंग दिला, बाक टाकलं, पाण्याचा माठ ठेवला आणि वर चांगला मोठा दिवा लावला.

गुळाचे व्यापारी शेटजी कडाडले, "तात्या, मेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात. तुम्ही तर तिला हारच घातलात!"

भालचंद्र तात्यांपुढे येऊन उभा राहिला. "माझं दुकान बुडतंय, आणि तुम्ही कुलपापुढे दिवा लावलात?"

तात्यांनी त्याचा हात हातात घेतला. "बाळा, भरताना बांगडी कुठे फुटते?"

"अंगठ्याच्या मुळाशी. हात तिथेच रुंद असतो."

"मग तू जोर बांगडीवर लावतोस?"

"छे! हाताची ती जागा हळूहळू दाबून मऊ करतो. बांगडी आपसूक सरकते."

"पेठही हातासारखीच आहे रे. कमानीने माणसं येतील, पण अडतील ती इथेच. आपण प्रत्येकाने आपला उंबरा लखलखीत ठेवला, आणि ही जागा कुणाचीच नाही म्हणून तिचा उकिरडा केला. गिऱ्हाइकाला काय ठाऊक, कुठलं दुकान कुणाचं? उजेड संपला की पेठ संपली, एवढंच त्याला कळतं. ज्या जागेकडे बघायला धनी नाही, तिच्यासाठीच तर सगळ्यांची वर्गणी असते."

भालचंद्र आपल्या दुकानाकडे वळला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एक बाई लेकीला घेऊन त्या बाकावर टेकल्या. पाणी प्यायल्या, सहज पुढे बघितलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, पुढेही दुकानं आहेत की गं! बांगड्या कशा चमकताहेत बघ!"

थोड्या वेळाने पेठेच्या टोकाकडून भालचंद्राचा आवाज आला, "हात सैल सोडा, मावशी. अगदी सैल." त्यांच्यामागे आणखी चौघी उभ्या होत्या. तात्यांनी दूरवरून ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी आपला उंबरा झाडून झाल्यावर इकडेतिकडे बघत पुढे सरकले आणि बंद दुकानापुढची जागाही झाडू लागले. माझ्याकडे नजर गेली तशी खेकसले, "काय बघता? झाडतोय!"

"झाडा हो शेटजी, झाडा," मी म्हटलं.

आमच्या जिन्याची मधली पायरी कुणाच्याच वाटणीची नाही. हल्ली ती मी पुसते.