टोचणारी गादी

झाडंही गप्पा मारायची त्या काळातली गोष्ट. चिंचेच्या एका ढोलीत झुपके नावाचं खारींचं जोडपं पिल्लासह राहत होतं. पिल्लाला स्वतंत्र खोली मिळावी म्हणून त्यांना मोठी ढोली घ्यायची होती. तिचा मालक पोपट किंमत शेंगांत घेई. म्हणून दोघं दिवसभर भुईमुगाच्या शेंगा आणत आणि जागा पुरेना की पिल्लाच्या गादीतला कापूस बाहेर टाकून तिथे शेंगा कोंबत.

पिल्लाला झोप येईना. "बाबा, टोचतंय."

"ते तुझंच भविष्य आहे," झुपके म्हणाले. "झोप गुपचूप."

आई अंगाई अर्ध्यावर सोडून शेंगा रचायला गेली.

कंटाळून पिल्लू शेजारच्या साळुंकीकडे गेलं. तिच्या घरी दाणाही शिल्लक नव्हता, पण झुपक्यांनी टाकलेला सगळा कापूस तिने गोळा करून अंथरला होता. पिल्लू पडल्या पडल्या झोपलं.

झुपकेबाई रिकाम्या गादीपाशी थबकल्या, मग शेजारी डोकावून आल्या. "अहो, पिल्लू साळुंकीकडे झोपलंय."

"रोज झोपेल का, विचारून ये," झुपके म्हणाले. "इथे अजून बऱ्याच शेंगा मावतील."